भिंतीकडचा हात

१

आयसीयूत शिरायचं तर कोपरापासून खाली हात उघडे लागतात. बांगडी नको, अंगठी नको, घड्याळसुद्धा नको. रुचिताच्या सासूबाईंना, पंचफुलाबाईंना, सुनेची नोकरी पसंत होती, पगार त्याहून पसंत होता. पण हळद पुरती उतरली नाही तोच सून रोज सकाळी हिरव्या बांगड्या काढून डबीत ठेवते, हे काही त्यांना पचत नव्हतं. काचेच्याच तर आहेत, कोणाला चावतात का, असं त्या विचारायच्या. रुचिता हसून डबी बंद करायची आणि नवऱ्याच्या, अंकुशच्या मोटरसायकलवर मागे बसायची. तिला भंडाऱ्याला सोडून अंकुश तसाच उलटा वरठीच्या कारखान्यात पळायचा.

रुचिता बोलायची कमी, पाहायची जास्त. एकोडीला माहेरी तिची आई म्हणायची, या पोरीला वरणात विरघळलेलं मीठही दिसतं. सासरी हा गुण लपवावा लागतो. आपल्या पेटीतल्या साड्यांची घडी कोणीतरी उलगडून पुन्हा घातली आहे हे कळतं, पण कळलं असं दाखवता येत नाही. दवाखान्यात मात्र हाच गुण कामाचा. कोणाच्या नखांचा रंग बदलला, कोणाची सलाईन मंदावली, हे तिला लांबून दिसायचं.

दवाखाना खाजगी होता. वरच्या मजल्यावर आयसीयू, त्यात सहा पलंग, आणि शेवटचा पलंग भिंतीजवळ. तिथे रंजू होती. करडी गावची, मासेमारी करणाऱ्या घरातली सून. जमिनीवर झोपली असताना मण्यार चावला. या सापाची तऱ्हा अशी की सूज नाही, रक्त नाही. माणूस फक्त एकेका अंगाने बंद होत जातो. आधी पापण्या पडतात, मग जीभ, मग हातपाय, शेवटी श्वास. रंजूचा श्वास आता मशीन घेत होतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, गेली. पण आत ती पूर्ण जागी होती, सगळं ऐकत होती, आणि हे नर्सेसना ठाऊक असतं. म्हणून हात लावण्याआधी सांगायचं: रंजू, मी रुचिता, तोंड पुसते, रंजू, आता कुशीवर करते.

श्वासाच्या नळीवरच्या पेशंटला कुशीवर करणं हे तिथलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जड काम. एकाच अंगावर पडून राहिलं की पाठ सडायला लागते. वळवायला दोघं लागतात. अंगाखाली आडवी चादर असते. एक जण उशाशी उभा राहून एका हाताने नळी धरतो आणि दुसऱ्या हाताने चादर. दुसरा पलीकडून चादरीची कड गुंडाळून मुठीत घेतो. उशाशी असलेला 'हं' म्हणतो आणि दोघं मिळून ओढतात. नियम एकच, उशाशी असलेल्याने नळीवरून नजर हलवायची नाही. घर पेटलं तरी नाही. त्यामुळे पलीकडे कोण आलं हे पाहिलंच जात नाही. टोपी, मास्क, हिरवा गाऊन, सगळे सारखेच. पलीकडे फक्त एक ओढ असते.

त्या दिवशी सकाळी रुचिताने नेहमीसारखी हाक दिली, "कोणीतरी हात द्या जी." पलीकडून चादर ताणली गेली. तिने नळी धरून 'हं' म्हटलं. रंजू अंगाने भरलेली, पण अलगद वळली. रुचिताने पाठीशी उशी खोचली, नळी तपासली आणि मान खाली ठेवूनच म्हणाली, "झालं ताई."

उत्तर आलं नाही. आलं ते दाराकडून. दार धाडकन उघडून स्ट्रेचर आत आलं. पुढून इन्चार्ज सिस्टर खुशबू ओढत होती, मागून नर्स धम्मदीप ढकलत होता, आणि बाजूने ऑक्सिजनचं सिलिंडर सांभाळत बायाबाई मावशी येत होत्या. तिघंही सीटी स्कॅनवरून परत येत होते. सकाळपाळीला रुचिता धरून माणसं चारच.

रुचिता दुसरी उशी छातीशी धरून तशीच उभी राहिली.

२

शंकेखोर माणूस आधी भुताचा विचार करत नाही, माणसांचाच करतो. रुचितानेही तेच केलं. एक्स-रेवाला आला असेल. डॉक्टर आले असतील. पण डॉक्टर आणि चादर, हे जमण्यासारखं नव्हतं. खालच्या वॉर्डातून कोणी सिस्टर सामान मागायला येऊन गेली असेल आणि जाता जाता हात लावून गेली असेल. तिने आडून विचारून पाहिलं. वॉर्डातून कोणी आलं नव्हतं. एक्स-रेवाला तर त्या दिवशी सुटीवर होता.

खुशबूताईला मात्र आडून विचारणं महागात पडलं. ती हातातली सिरिंज भरता भरता थांबली.

"एकटीनं वळवलं का तू पेशंटले?"

हा प्रश्न साधा नव्हता. रुचिताच्या आधी या जागेवर एक मुलगी होती. तिने नळीवरच्या पेशंटला एकटीने वळवलं, नळी निसटली, आणि संध्याकाळपर्यंत ती मुलगी घरी गेली ती गेलीच, असं सगळे सांगत. रुचिताची नोकरी अजून कच्ची होती. तिने क्षणभरही न थांबता सांगितलं की दीपभाऊ होते पलीकडे, ते मागाहून गेले सीटीला.

धम्मदीप तिथेच टेबलाशी उभा होता. त्याने वर पाहिलं, रुचिताकडे पाहिलं आणि पुन्हा औषधांच्या बाटल्या लावायला लागला. म्हणाला, "हो, होतो ना."

रुचिता तेव्हा खरी सावध झाली. खोटं आपण बोललो. ज्याच्या नावावर बोललो तो समोर होता. त्याने पकडायला पाहिजे होतं. उलट त्याने झाकलं. कायले? दवाखान्यात फुकट कोणी कोणाचं झाकत नाही. तिला वाटलं, नव्या पोरीला अडकवायचा हा काहीतरी डाव आहे. दोघं मिळून पाहत असतील, किती दिवस गप्प राहते ते.

तेव्हापासून ती पाहायला लागली. पडद्याखालून कोणाच्या चपला दिसतात, कोण कोणत्या वेळी कुठे उभं असतं. आणि पाहता पाहता तिला भलतंच दिसलं. ड्युटीवर आल्यावर रंजूला ती पलंगाच्या मधोमध आणून ठेवायची. पाळी संपताना रंजू भिंतीकडच्या कडेला असायची. थोडीच, चार बोटं. दुसऱ्या सकाळी रात्रपाळीनेही तेच सांगितलेलं असायचं, शेवटच्या पलंगाला मधे घ्या, सरकली आहे. बायाबाई मावशी फरशी पुसता पुसता सहज बोलून गेल्या, "पोरगी रोज भिंतीकडे जाते बाप्पा. का आहे तिकडं?"

हवेच्या गादीवर माणूस सरकतो, असं रुचिताने स्वतःला समजावलं. सरकतो तो पायथ्याकडे, हे तिला माहीत होतं. ते तिने स्वतःला सांगितलं नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, चेहरा काहून उतरला. रुचिता म्हणाली, काम जास्त आहे. पंचफुलाबाई म्हणाल्या, माणसं कमी असतील.

३

भेटीच्या वेळी रंजूचा नवरा मिथुन यायचा आणि सासरा बाबुलाल. बाबुलाल आत शिरून सुनेकडे एकदा पाहायचा आणि बाकी सगळा वेळ मशीनकडे पाहत उभा राहायचा, जसं काही त्याचं भांडण मशीनशी होतं. एक दिवस त्याने ते बोलून दाखवलं. डोळे उघडत नाही, बोट हालत नाही, फुग्यात हवा भरावी तशी हवा भरून ठेवली आहे. यापेक्षा घरी नेतो, आपल्या माणसांत जाऊ द्या तिला. मिथुन दाराशी उभा होता. बापासमोर बोलायची सवय नव्हती, आणि त्याला स्वतःलाही रंजू जिवंत दिसत नव्हती.

घरी नेणं म्हणजे काय, हे रुचिताला कळत होतं. नळी काढली की रंजू दवाखान्याची पायरीही उतरणार नाही. आणि डॉक्टर म्हणत होते, विष उतरतंय, थोडे दिवस कळ काढा.

तिने मिथुनला पलंगाशी बोलावलं. रंजूचा हात त्याच्या हातात दिला. म्हणाली, "बोला तिच्याशी. ऐकून राहिली ते."

मिथुन लाजला. सिस्टरसमोर बायकोशी काय बोलणार? मग हळूहळू त्याने सांगायला सुरुवात केली. तलावात अवंदा झिंगे बरे आहेत. तुझी मोठी जाळी उंदराने कुरतडली. पोरगी बरी आहे, तुझं नाव घेते पण रडत नाही. हे म्हणाला आणि एकदम थांबला. रंजूचं बोट त्याच्या तळव्यावर हललं होतं. इतकं कमी की शपथ घेऊन सांगता येऊ नये. पण मिथुनला शपथेची गरज नव्हती. त्याने बापाकडे पाहिलं.

बाबुलालने मशीनवरची नजर काढली. बराच वेळ सुनेच्या हाताकडे पाहिलं. मग रुचिताला म्हणाला, "ठीक हाय बाई. ठेवा. पन आनखी काही वाकडं झालं, तं मंग मी कोनाचं ऐकनार नाई."

आणखी काही वाकडं झालं तर. ते बाहेर गेल्यावर रुचिताने रंजूला पुन्हा पलंगाच्या मधे घेतलं.

४

दुसऱ्या दिवशी एका किडनीच्या पेशंटसाठी डायलिसिसचं मोठं मशीन आत आलं. जागा करायला पलंग इकडे तिकडे सरकवले गेले. कोणी कुठे सरकवलं याच्याकडे रुचिताचं लक्ष नव्हतं, ती पहिल्या पलंगाच्या म्हाताऱ्या भैय्याजींना दूध पाजत होती. भैय्याजी मोठे मिश्कील. हृदयाचा झटका येऊन पडलेले, पण प्रत्येक चमच्याला विचारायचे, साखर कोणी खाल्ली?

मग रंजूची कूस बदलायची वेळ झाली. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं, ट्युबा चालू होत्या. कुठे सावली म्हणून नव्हती. रुचिताने दोन्ही हात धुतले, हातमोजे चढवले, रंजूला सांगितलं. मग हाक दिली, "हात द्या जी कोणी."

पलीकडून चादर ताणली गेली.

'हं' म्हणायच्या आधीच ताणली गेली, हे तिला जाणवलं. जणू कोणी वाट पाहत उभं होतं. नळी तिच्या बोटांत होती, नजर नळीवर. रंजू भिंतीकडे वळली, पाठ मोकळी झाली. पाठीला तेल लावून, उशी खोचून रुचिताने चादर सोडली. पलीकडची कड लगेच सैल झाली नाही. एक क्षण ती ताठच राहिली, मग हळूच खाली बसली.

आता पाहायला हरकत नव्हती. रुचिताने मान वर केली.

पलंग भिंतीला लावला होता. डायलिसिसच्या मशीनसाठी जागा करताना थेट भिंतीपर्यंत ढकलला होता. पलंगाचा कठडा आणि भिंत यांच्यामध्ये तळहात उभा घातला तर जाईल, एवढीच फट. तिथे माणूस उभा राहणं सोडा, मांजरही धड उभं राहिलं नसतं.

तिने वाकून खाली पाहिलं. फरशी. ऑक्सिजनची नळी. कापसाचा एक बोळा.

ती सरळ झाली आणि स्वतःशी हिशेब मांडायला लागली. मी एकटीनेच वळवलं असणार. अंगात बळ येतं कधी कधी. पलीकडून कोणी ओढलं असं वाटणं ही सवय असते. रोज कोणी तरी ओढतं, म्हणून आजही वाटलं. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त चादरीची पलीकडची कड तिने पुन्हा पाहिली नसती तर बरं झालं असतं. ती नीट गुंडाळलेली होती. दोन ठिकाणी दाबलेली होती, मुठीत धरल्यासारखी, एकीपासून दुसरी मूठ दोन खांद्यांमधल्या अंतराएवढी लांब.

५

रंजूच्या पापण्या अजून उघडत नव्हत्या, पण बोट आता चांगलं दाबता येत होतं. डॉक्टर खुश होते. उद्या नळी काढून पाहू म्हणाले. रुचिताने तिला खूण शिकवली होती: हो असेल तर एकदा दाब, नसेल तर काही करू नको. तहान लागली? दुखते? मिथुन आला होता, कळलं?

त्या दुपारी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिने रंजूच्या कानाशी तोंड नेलं.

"रंजू, तुला वळवतो तेव्हा पलीकडून कोणी धरते का?"

बोट दाबलं गेलं.

"खुशबू सिस्टर?"

काही नाही.

"दीपभाऊ? मावशी?"

काही नाही.

"ते बाई आहे का?"

बोट दाबलं गेलं. मशीन श्वास आत ढकलत होतं, बाहेर सोडत होतं. रुचिताला पुढचं विचारायचं नव्हतं. पण न विचारता घरी जाऊन झोप लागली नसती.

"ते मदत करते का तुले?"

बोट हललं नाही.

"मग ओढते?"

बोट दाबलं गेलं, आणि मग ते सुटलं नाही. रंजूच्या अंगात होतं नव्हतं तेवढं बळ त्या एका बोटात आलं होतं.

रुचिता तिथून निघाली ती थेट मागच्या खोलीत गेली. खुशबूताई कपडे भिजवायच्या टबाशी उभी होती. आज रुचिताने आडून विचारलं नाही. सरळ म्हणाली, "ताई, भिंतीकडे कोण आहे?"

खुशबूताईने काय झालं, कुठली भिंत, असलं काही विचारलं नाही. तेवढ्यावरूनच रुचिताला कळलं की तिला सगळं माहीत आहे.

"तू हाक कशी मारते?" खुशबूताई म्हणाली.

"म्हणजे?"

"कोणीतरी हात द्या, असं म्हणते ना? मी म्हणते का कधी तसं? दीप म्हणतो का?"

रुचिताने आठवून पाहिलं. खरंच, ही माणसं नेहमी नाव घेऊन बोलवायची. खुशबूताई, इकडे या. दीप, चादर धर. नुसता 'कोणीतरी' तिने इथे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तिला ते शिस्तीचं वाटलं होतं.

"मले काही माहीत नाई, ते कोण हाय," खुशबूताई सावकाश म्हणाली. "मी कधी वर पाहिलं नाई. तूही पाहू नको. नाव घेऊन हाक मार, कोणी मोकळं नसन तर थांब. बस."

"मग सांगितलं काहून नाही मला?"

"सांगतलं असतं तर थांबली असती तू? तीन पोरी आल्या नि गेल्या. सहा पलंगाले चार माणसं हाय आमी. सायबाले का सांगू, भिंतीतून बाई येते म्हणून पलंग कमी करा?"

रुचिताने विचारलं, ज्या मुलीला नळी निसटली म्हणून काढलं, ती खरंच एकटी होती का.

खुशबूताईने नळ सुरू केला. पाणी टबात मोठ्याने पडायला लागलं, आणि ती पाठ करून कपडे बुडवत राहिली.

६

नळी निघाली. रंजू स्वतः श्वास घेत होती, लहान लहान, एखाद्या पाहुणीने परक्या घरात पाऊल टाकावं तसे. मान धरता येत नव्हती, आवाज फुटत नव्हता, खोकला तर नाहीच. पण पापण्या अर्ध्या वर गेल्या होत्या आणि त्यातून ती रुचिताकडे पाहत होती. तिचे डोळे पिंगट आहेत हे रुचिताला तेव्हा कळलं. इतके दिवस ज्या बाईचं सगळं अंग पुसलं, तिच्या डोळ्यांचा रंग माहीत नव्हता.

पलंग रुचिताने आणि धम्मदीपने भिंतीपासून ओढून पाहिला होता. डायलिसिसच्या मशीनमुळे तो वीतभरही हलत नव्हता.

ऐन दुपारी पहिल्या पलंगावर भैय्याजींचं हृदय थांबलं. एकाएकी. नुकतेच तर साखरेवरून बोलले होते. खुशबूताई आणि धम्मदीप धावले, डॉक्टर धावले, छातीवर दाब देणं सुरू झालं. बायाबाई मावशी खाली औषधं आणायला पळाल्या. रुचिताही तिकडे निघाली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, भांड्यात पाणी खळबळल्यासारखा.

रंजूला उलटी झाली होती. ती पाठीवर होती आणि पुन्हा सरकली होती, पार भिंतीकडच्या कठड्यापर्यंत, गादीच्या खोलगट भागात. तोंड भरलेलं होतं. गिळता येत नव्हतं, थुंकता येत नव्हतं. डोळे मोठे झाले होते. जे तोंडात होतं ते आता श्वासाबरोबर आत जाणार होतं.

रुचिताने एका हाताने घाण खेचून घेणारी सक्शनची नळी तिच्या तोंडात घातली आणि दुसऱ्या हाताने चादर आपल्याकडे ओढली. रंजू हलली नाही. खोलगटातून भरल्या अंगाची बाई एका हाताने निघत नाही. सक्शन सोडून दोन्ही हातांनी ओढावं तर तोंड उघडं पडतं.

"खुशबूताई!" तिने हाक मारली. "दीपभाऊ!"

खुशबूताई भैय्याजींच्या छातीवर वाकलेली होती. तिने ऐकलं. मान हलवली, नाही. तिचे हात थांबले असते तर तिकडचा माणूस गेला असता.

थांब, असं खुशबूताईने सांगितलं होतं. कोणी मोकळं नसेल तर थांब.

रंजूचे ओठ निळे व्हायला लागले. रुचिताने नजर खाली घातली, सक्शनच्या नळीवर खिळवली आणि म्हणाली, "कोणीतरी हात द्या."

चादर उचलली गेली. भिंतीकडची कड वर आली, ताठ झाली, आणि रंजू खोलगटातून निघून रुचिताच्या अंगावर कुशीवर आली. तोंडातलं सगळं भळाभळा गादीवर पडलं. सक्शनने उरलेलं ओढलं. रंजूने एक श्वास घेतला, मग दुसरा. तिसरा घरघरत, पण आला. ओठांवर रंग परतला.

मग ओढ सुरू झाली.

झटका नव्हता त्यात. पाण्यात सोडलेली होडी हळूहळू जाते तशी चादर भिंतीकडे जायला लागली, आणि चादरीबरोबर रंजू. रुचिताने दोन्ही मुठी आवळल्या, गुडघे पलंगाच्या दांडीला लावले. रंजूचं ते बोट तिच्या मनगटाला अडकलं. आपण दोघी एका बाजूला आहोत आणि पलीकडे एकच आहे, असं रुचिता मनाशी म्हणत होती, आणि तरीही चादर जात होती.

तेव्हा तिने पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण कुठवर गेली चादर, हे पाहायला तिची नजर कडेवर गेली, आणि कडेवरून फटीत.

तळहाताएवढ्या त्या फटीत, भिंतीशी घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखं काहीतरी उभं होतं. हिरवं. त्याच्या वर टोपी होती. टोपीचा माथा तेवढा दिसत होता, कारण मान खाली होती. नळीवरून नजर हलवू नये म्हणून घालतो ना आपण, अगदी तशी. नळी तर निघाली होती. तरीही ती मान तशीच खाली, कामात गढलेली.

आणि मग तो माथा हळूहळू मागे जायला लागला. वर पाहण्याआधी माणसाचा जातो तसा.

रुचिताने डोळे मिटले. "रंजू माझी आहे," ती म्हणाली. असं काहून म्हणाली, तिलाही कळलं नाही. "हिला मी घेतलं आहे."

खांद्याशी कोणीतरी आलं, घामाचा आणि स्पिरिटचा वास आला. खुशबूताईने तिच्या मुठींवर आपले हात ठेवून चादर पकडली. त्याबरोबर पलीकडची कड सैल पडली.

भैय्याजी गेले होते. त्यांच्यासाठी आता काही करायचं उरलं नव्हतं, म्हणून खुशबूताई मोकळी झाली होती.

७

रंजू घरी निघाली तो दिवस. पोर्चमध्ये मिथुनने गावातल्या कोणाची तरी गाडी आणली होती. बाबुलालने पेढे आणले होते आणि पहिला पेढा, रुचिताला नाही, मशीन चालवणाऱ्या माणसाला द्या म्हणून धम्मदीपच्या हातात दिला होता. रुचिताने गोळ्या समजावून सांगितल्या. रंजू खुर्चीवर बसलेली, आवाज घोगरा पण मोकळा. इतक्या दिवसांचं साठलेलं ती सगळं एकदम बोलत होती. मण्याराने तोंड बंद केलेलं आता भरून काढते, असं मिथुन म्हणाला, आणि तिने त्याला कोपर मारलं.

गाडीत बसवताना तिने रुचिताचा हात धरून ठेवला.

"ताई, त्या दुसऱ्या सिस्टर दिसल्या नाई आज. त्यायले सांगजा, मी चालली म्हनून."

"कोणत्या?"

"भिंतीकडच्या." रंजू अगदी सहज म्हणाली. "आधी लय भेव वाटे मले. ओढत ना त्या. मंग मी त्यायच्याशी बोलाले लागली, तं थोडं कमी झालं. एकट्या रायतात म्हने."

रुचिता म्हणाली, "तुझ्या तोंडात तर नळी होती, रंजू."

"मनातच बोलो. त्यायले ऐकू जाये." ती हसली. "पुसत होत्या, गाव कोनतं. मी सांगतलं करडी. घर कोनतं, तं म्हटलं तलावाच्या पारीवरचं. आनखी पुसत, पोरगी केवढी हाय, कोनाजवर झोपते."

मिथुनने दार लावलं. गाडी निघाली, फाटकातून वळून मोठ्या रस्त्याला लागली. रुचिता तिथेच उभी राहिली. मग तिने फोन काढला आणि मिथुनला लावला. त्याने लगेच उचलला. मागून रंजूचं बोलणं चालूच होतं.

रुचिताने विचार करून, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून सांगितलं की आज रात्री पोरीला भिंतीकडे झोपवू नका. मधे घ्या. काहून, ते विचारू नका.

मिथुन हसला. "बरं ताई, घेतो तिले मधे," तो म्हणाला. "पन एका खोलीत पाच जन झोपतो आमी. कोनी ना कोनी तं भिंतीकडे रायनारच."